वंशावळीत मी कुठे?

१९ ऑगस्ट

आप्पा आज पहिल्यांदा ऑफिसात आले. मी ज्ञानेश्वर वकिलांकडे टायपिंग करायला लागले त्याला दोन वर्षं होतील, पण आप्पांनी कधी पायरी चढली नव्हती. संध्याकाळी बाहेरूनच "धने, निघाली का?" म्हणून हाक मारायची आणि वाडीच्या जीपमध्ये जागा धरून बसायचं. आज मात्र टोपी काढून आत आले आणि पक्षकार बसतात त्या खुर्चीच्या टोकावर बसले. मला हसू आवरेना. मी मुद्दामच विचारलं, "काय काम आहे काका?" तर म्हणाले, "वकील हायेत का बाई?" वकीलसाहेब तहसीलला गेले होते. आम्ही दोघं खूप हसलो.

काम असं. दादा, म्हणजे माझे आजोबा गहिनीनाथ गर्जे, गेल्या वर्षी वारले. जमीन अजून त्यांच्याच नावावर आहे. आता शेतकरी ओळखपत्र काढायचं तर सातबाऱ्यावर नाव लागतं, ते नसेल तर पीकविमा नाही नि काही नाही. म्हणून वारसनोंद करायची. त्यासाठी प्रतिज्ञापत्र आणि वंशावळ लागते. घरचीच टायपिस्ट असताना बाहेर कशाला, असा आप्पांचा हिशेब.

वंशावळ टाईप करायला मला फार आवडतं. वर मयताची चौकट, खाली रेघा, रेघांच्या टोकाला बायको, मुलं, मुली. लोकांची घराणी रोज माझ्या बोटांखालून जातात. कुणाच्या दोन बायका, कुणाचा भाऊ परागंदा, सगळं मला ठाऊक. पण स्वतःच्या घराची वंशावळ मी कधी केली नव्हती, म्हणून उत्साहाने बसले.

आप्पा सांगू लागले. "गहिनीनाथ, मयत. बायकू झुंबरबाई. पोरगा हनुमंत, म्हंजी म्या. पोरगी पुष्पावती. आन् थोरला अंगद, मयत. त्याच्या मागं कुनी न्हाई."

मी सवयीने ‘अंगद गहिनीनाथ गर्जे, मयत, वारस नाही’ एवढं टाईप केलं आणि मग बोटं थांबली. कारण अंगद म्हणजे माझा बाप. आणि मी तर खुर्चीवर बसलेली, सकाळी दोन भाकरी खाऊन आलेली.

"आप्पा, मग मी?"

"तू हाय की. माझ्या खाली घाल. धनश्री आन् स्नेहल."

"तुमच्या खाली कशी घालू? तुमी जिवंत आहात. जिवंत माणसाची पोरं वारसात धरत नाहीत."

"मग ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "म्या हाय तवर तुला काय कमी हाय?"

तेवढ्यात लाईट गेली. कागद अर्धाच राहिला.

२० ऑगस्ट

रात्रभर ती अर्धी वंशावळ डोक्यात होती. हे सगळं मी कधी सलग लिहिलेलं नाही, म्हणून लिहिते.

माझे आई-बाप ऊसतोडीला गेले असताना उसाची ट्रॉली पलटी झाली, त्यात दोघं गेले. मी तीन वर्षांची होते आणि त्या दिवशी आत्याजवळ कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, होते. आप्पा मला घेऊन वाडीला आले. आप्पा म्हणजे माझे चुलते, पण स्नेहल त्यांना आप्पा म्हणते म्हणून मीही आप्पाच म्हणते. शाळेत त्यांनीच घातलं आणि वडिलांच्या रकान्यात त्यांचंच नाव लागलं. तेव्हापासून दाखला, आधार, बारावी, बी.ए., सगळीकडे मी धनश्री हनुमंत गर्जे. यात लपवाछपवी काही नाही, अख्ख्या वाडीला माहीत आहे. तरी कुणी परगावचा पाहुणा आला आणि "हनुमंता, लेकरं किती?" म्हणाला की आप्पा "दोन पोरी" म्हणून मोकळे होतात. ऐकणाऱ्याला वाईट वाटतं, कारण पोरगा नाही. आप्पांना अजिबात वाटत नाही.

आज वकीलसाहेबांना विचारलं. फी न देता विचारलेले प्रश्नही त्यांना आवडतात. त्यांनी आधी उलट विचारलं, "जमीन तुझ्या आजोबांना वडिलांकडून आली, का स्वतः घेतली?"

"स्वतः घेतली. आजी-आजोबांनी ऊस तोडून."

"मग सरळ आहे. वडिलोपार्जित असती तर वाटण्यांचं गणित वेगळं बसलं असतं. मृत्युपत्र?"

"नाही."

"मग बायको एक, मुलगा एक, मुलगी एक. आणि जो मुलगा बापाच्या आधी वारला त्याच्या जागी त्याची पोरं उभी राहतात. त्याची बायकोही असती, पण तुझी आई नाही. म्हणजे चौथा हिस्सा तुझा एकटीचा."

"मुलगी असले तरी?"

"मुलगी असलीस तरी. तेवढाच."

मग मी म्हटलं की कागदावर माझे वडील हनुमंत आहेत. वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "दत्तक घेतलंय?" नाही म्हटलं. "घेताही आलं नसतं. तू आलीस तेव्हा त्यांना स्वतःची मुलगी होती ना?" होती, स्नेहल पाळण्यात होती. "मग संपलं. घरात मुलगी असताना दुसरी मुलगी दत्तक घ्यायला कायदा परवानगी देत नाही."

म्हणजे गंमत बघा. ज्यांची मुलगी म्हणून सगळीकडे माझी नोंद आहे, त्यांची मी कायद्याने कुणीच नाही. आणि ज्यांची मी खरी मुलगी, त्यांच्या नावापुढे मी एका कागदावरही नाही. इतकं अवघड कोडं आमच्या ऑफिसात आजवर आलेलं नाही, आणि ते माझंच निघालं! दिवसभर मला नुसतं भारी वाटत होतं.

२४ ऑगस्ट

घरी सांगितलं. जेवताना सांगायला नको होतं.

ऐकता ऐकता काकूची तव्यावरची भाकरी करपली. मग म्हणाली, "धने, तुला गोधडीत घेऊन निजत व्हते, ती काय सातबारा बघून?" मी म्हटलं, काकू, तसं नाही, मी फक्त कायदा सांगतेय. "कायद्याला म्हनावं भाकरी थापायला ये," असं म्हणून तिने माझ्या ताटात तीच करपलेली भाकरी टाकली. मी ती खाल्ली.

स्नेहलने विचारलं, "मंग तू माझी बहीण न्हाईस का?" मी सांगितलं, चुलत बहीण तर आहेच. तिने तोंड वाकडं केलं.

आजी एवढंच म्हणाली, "अंगदचं नाव निघालं व्हय कागदात?" आणि पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिली.

आप्पांना मात्र प्रक्रियेत रस आहे, हे मला बरं वाटलं. हात धुऊन माझ्याजवळ येऊन बसले आणि एकेक विचारू लागले.

"आडनाव तर तेच ऱ्हातंय ना?"

"हो, तेच."

"मधलं तेवढं बदलायचं."

"हो. नाव लावायचं तर मी अंगदची मुलगी आहे हे सिद्ध व्हायला पाहिजे. माझा जन्म तिकडं कोपीवर झालेला, जन्मनोंद नाही. म्हणून तुमचा जबाब सगळ्यात महत्त्वाचा. तुमी सांगितलं की झालं. नाहीतर कोर्ट, साक्षीदार, वर्षं जातील."

"आन् शाळंच्या दाखल्यावरचं?"

"तेही बदलून घेऊ. स्वच्छ काम करायचं."

"बारावीच्या मार्कशीटवरचं बी?"

"तेही. राजपत्रात जाहिरात द्यायची, मग सगळीकडं बदलतं. आधारवरचं तर सोपं आहे."

"समद्यावरचं?" आप्पांनी विचारलं.

खर्चाची काळजी वाटली असावी. मी सांगितलं की वकीलसाहेब माझ्याकडून फी घेणार नाहीत. आप्पा "बरं बरं" म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. मघाशीच दाखवलं होतं.

३१ ऑगस्ट

आत्या आली होती. पुष्पाआत्या, आप्पांची धाकटी बहीण. तिला शेजारच्या गावात दिली आहे, तीही नवऱ्याबरोबर तोडीला जाते.

तिच्याबद्दल मला कुतूहल होतं, कारण हक्कसोडपत्राला येणाऱ्या बहिणी मी नेहमी बघते. भाऊ आधी साडी घेतो, बहीण ती नवी साडी नेसूनच येते, मग मी ‘कोणत्याही दबावाशिवाय, बंधुप्रेमापोटी, राजीखुशीने’ टाईप करते, सही होते आणि सगळे स्टँडसमोरच्या हॉटेलात जेवायला जातात. मी विचारलं, "आत्या, तुझं हक्कसोड कधी?"

"मला कुनी इचारलंच न्हाई बाई," आत्या म्हणाली. "सोडनार, सोडनार म्हनून समदी धरूनच बसली हायेत."

"मग सोडणार का?"

"आदी सातबाऱ्यावर चढू तर दे. चढल्याबिगर सोडायचं काय?"

वकीलसाहेबांना हे सांगितलं तर ते टेबलावर थाप मारून हसले. म्हणाले, तुझ्या आत्याला माझ्याकडे ज्युनियर म्हणून पाठव.

पण काकूला हे हसण्यासारखं वाटलं नाही. बरोबर आहे, आतापर्यंत सगळी जमीन आप्पांचीच म्हणून ते दोघं कसत आले. आजीला सांभाळतात, म्हणजे तिचा वाटा त्यांच्याकडेच. पण माझा आणि आत्याचा गेला की निम्मी राहते. आप्पांच्याही आतल्या आत हेच चालू असणार.

जाताना आत्याला जीपपर्यंत सोडायला गेले. तिथे मी तिला विचारलं की माझा बाप कसा होता. बावीस वर्षांत मी हे कुणालाच विचारलं नव्हतं, मला स्वतःचंच नवल वाटलं. आत्या म्हणाली, "लई इचारायचा. ट्रकवाल्याला, मुकादमाला, दिसंल त्याला. ह्यो रस्ता कुटं जातो, त्यो फाटा कुटं निघतो. जायचं कुटंच नसायचं, तरी इचारायचा. तुझ्यावानीच."

मी जीप गेल्यावरही बराच वेळ तिथेच उभी होते.

९ सप्टेंबर

आज स्वतःशी खरं बोलायचं ठरवलं आहे.

सुरुवातीला मला नुसती मजा वाटत होती. जमिनीचं म्हणाल तर चौथा हिस्सा घेऊन मी काय करणार आहे? बाजरी आणि तूर काकू माझ्यापेक्षा बरी काढते. तिला मी सांगितलंही की जमीन तुम्हीच कसा, मला फक्त नाव हवंय. ती म्हणाली, "नुसतं नाव कुनाला पायजे असतंय?"

मला पाहिजे आहे. काल आजीने तिच्या पेटीतून माझ्या बापाच्या मृत्यूचा दाखला काढून दिला. तिकडच्या ग्रामपंचायतीचा, घड्यांवर फाटलेला. फोटो एकही नाही, शाळेत तो फार गेलाच नाही, रेशनकार्डावरून नाव केव्हाच कमी झालं. म्हणजे सरकारदरबारी माझ्या बापाबद्दल एकच गोष्ट नोंदलेली आहे, की तो मेला. तो होता, त्याचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली, यातलं काहीच कुठे नाही. वारसनोंदीत मात्र लिहावं लागेल, ‘मयत मुलगा अंगद याची मुलगी धनश्री’. माझं नाव यायचं तर आधी त्याचं यावं लागतं. हे लक्षात आलं आणि मला ऑफिसातच रडू आलं. वकीलसाहेबांना वाटलं टायपिंगमध्ये मोठी चूक झाली. म्हणाले, अगं, डिलीट कर, त्यात काय.

१८ सप्टेंबर

आज आप्पांचं प्रतिज्ञापत्र झालं. मसुदा वकीलसाहेबांनी सांगितला, टाईप मी केला, एकही चूक नाही.

आमच्याकडे पद्धत आहे, सही करण्याआधी टायपिस्टने कागद मोठ्याने वाचून दाखवायचा. बरेच पक्षकार कमी शिकलेले, नंतर कुणी म्हणायला नको की काय लिहिलं ते कळलं नाही. आप्पा चौथी शिकलेले. मी त्यांना समोर बसवलं आणि रोजच्यासारखं स्पष्ट, खणखणीत वाचलं.

"मी, हनुमंत गहिनीनाथ गर्जे, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की, धनश्री ही माझी मुलगी नसून माझा मयत भाऊ अंगद याची मुलगी आहे. तिच्या शैक्षणिक कागदपत्रांवर वडील म्हणून लागलेले माझे नाव चुकीचे आहे…"

"थांब," आप्पा म्हणाले. "‘नसून’ लिव्हलंच पायजे का?"

"हो आप्पा. नुसतं अंगदची मुलगी लिहिलं तर साहेब म्हणतील, मग दाखल्यावर तुमचं नाव कसं? दोन्ही बाजू स्पष्ट लागतात."

"दुसरा काय शब्द न्हाई?"

"कायद्याची भाषा अशीच असते."

"आन् ते, चुकीचं हाय म्हून?"

"चुकीचंच आहे ना ते आप्पा."

आप्पांनी मान हलवली. "मदचं पुन्यांदा वाच," म्हणाले. मला वाटलं नीट ऐकू गेलं नाही, म्हणून मी आणखी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून वाचलं. शेजारच्या टेबलावरचे पक्षकारही ऐकू लागले. आप्पांनी सही केली. त्यांची सही तशी झरकन होते, मस्टरवर अंगवळणी पडलेली, आज मात्र फार वेळ लागला. चष्म्याचा नंबर वाढला असावा. तोडीला जायच्या आधी एकदा नगरला दाखवून आणलं पाहिजे.

संध्याकाळी बाहेरून हाक आली नाही. मी स्टँडवर गेले तर जीपमध्ये आप्पा बसलेले होते, माझी जागा धरून.

२६ सप्टेंबर

आप्पांचं काहीतरी बिनसलंय. चहा झाला का विचारत नाहीत, टाईप करताना पाठ दुखते का विचारत नाहीत. गोठ्यातच बसून असतात. जमीन माणसाला बदलवते असं वकीलसाहेब म्हणतात, ते मला आमच्या घराबाबत तरी खरं वाटत नव्हतं. आज वाटलं आणि फार वाईट वाटलं. मी आप्पांना सरळ विचारलं, "हिस्सा जातोय म्हणून राग आला का?"

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी परक्या भाषेत बोलले.

"कसला हिस्सा?" म्हणाले.

मी पुन्हा समजावून सांगितलं. आजीचा एक, आत्याचा एक, तुमचा एक, माझा एक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि "व्हय, बरोबर हाय" म्हणाले. हे झाकायला जातात आणि मला कळत नाही असं त्यांना वाटतं.

७ ऑक्टोबर

आज सुनावणी झाली. दसरा होऊन गेला, मुकादमाचे फोन सुरू झालेत, आप्पा आणि काकू तोडीला निघायच्या आत हे उरकायला पाहिजे होतं. मंडळ कार्यालयात सर्कलसाहेबांसमोर आजी, आत्या, आप्पा आणि मी. वकीलसाहेब दुसऱ्या कामात होते, म्हणाले, तूच बघ, तुला सगळं येतं.

साहेबांनी आधी आजीला आणि आत्याला विचारलं. आत्याला म्हणाले, "हक्कसोड करणार आहात ना?" आत्या म्हणाली, "आज तर नाव लावायला आलेय." साहेबांनी पुन्हा विचारलं नाही.

मग माझं आधार हातात घेऊन बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. आप्पांकडे वळले.

"हिच्या कागदांवर वडील म्हणून तुमचं नाव आहे. ही तुमचीच मुलगी ना?"

इथे आप्पा नुसते गप्प राहिले असते तरी सगळं बारगळलं असतं.

आप्पा उभे राहिले. हात जोडलेले, नजर समोरच्या भिंतीवर.

"न्हाई साहेब. ही माझी लेक न्हाई. माझा थोरला भाऊ अंगद, मयत, त्याची ही लेक हाय. माझं नाव चुकीचं लागलंय."

एका दमात, एकही शब्द इकडचा तिकडे न होता.

"कुणी लावलं?"

"म्याच. शाळंत घालताना गुरुजींनी बापाचं नाव इचारलं. पोरगी बोट धरून उभी व्हती. म्या माझं सांगितलं."

साहेबांनी लिहून घेतलं आणि मग वाचून दाखवलं, ‘मयत गहिनीनाथ यांचा मयत मुलगा अंगद याची मुलगी धनश्री’. आजीने पदर डोळ्यांना लावला. आत्याने माझा हात दाबला. ह्या एका ओळीसाठी मी दोन महिने धडपडत होते. ती झाली, आणि मला काहीच वाटलं नाही. कानात आप्पांचं ते ‘न्हाई’च होतं.

इतकं सहज? जीभ जरासुद्धा अडखळू नये? शेजारच्या बांधाबद्दल विचारलं असतं तरी माणूस थोडा थांबतो. मला राग आला. म्हणजे मीच टाईप केलं, मीच वाचून दाखवलं, मीच साक्ष द्यायला आणलं आणि त्यांनी तसंच सांगितलं म्हणून मलाच राग आला. असं वेड्यासारखं कुणाला होतं का?

८ ऑक्टोबर

राग तसाच आहे. वकीलसाहेब म्हणाले, आता दाखल्यांचं काय ते ठरव. मी म्हटलं, सगळ्यावरचं बदलायचं, एकही सोडायचं नाही.

१४ ऑक्टोबर

उद्या पहाटे गाडी येणार. काकूबरोबर सामान बांधत होते. पीठ, मीठ, तवा, दोन कोयते, कोपीवर घालायचा प्लास्टिकचा कागद. स्नेहल आणि मी आजीपाशी राहणार, दरवर्षीसारखं.

काकूची आणि माझी आता बोलाचाल नीट आहे. गोधडी बांधता बांधता ती म्हणाली, "सायबापुढं नीट बोलले न्हवं तुझं आप्पा?"

"नीट म्हणजे, एकदम पाठ केल्यासारखं," मी म्हटलं. माझ्या बोलण्यात जरा खोच होती.

"मंग, पाठच केलं की," काकू म्हणाली. "आठ दिस रोज गोठ्यात, बैलापुढं उभं ऱ्हाऊन. ‘ही माझी लेक न्हाई, ही माझी लेक न्हाई.’ म्या इचारलं, येड लागलं का काय? तर म्हनले, अगं, तोंडात ‘माझीच’ असं येतंय. सायबापुढं तसं निघून गेलं तर पोरीचं नुकसान व्हईल."

मी गोधडी तशीच हातात धरून बसले. काकू म्हणाली, गाठ मार की. मला गाठ मारता येईना.

काय काय आठवलं ते लिहिणारही नाही. सगळे कागद मी वाचले, कायद्याचं कलम न् कलम विचारून घेतलं, आणि माझ्यासमोर बसून माणूस "दुसरा काय शब्द न्हाई?" असं विचारत होता, तर मी त्याला मोठ्याने, सुटं सुटं वाचून दाखवलं.

मी तशीच उठले आणि सायकल काढून फाट्यावर गेले, तिथून पाथर्डीची जीप धरून ऑफिस गाठलं. वकीलसाहेब जेवायला निघताना कुलूप लावत होते. मी म्हटलं, एक कागद टाईप करायचा आहे, माझाच. नाव बदलायचं का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, दुसरा काही मार्ग आहे का? ते म्हणाले, "अगं, एकाच माणसाची दोन नावं, हे तर आपलं रोजचं काम. प्रतिज्ञापत्र कर, सगळीकडे चालतं. तूच सगळं बदलायच्या मागे होतीस." आणि कुलूप उघडून दिलं.

परत आले तेव्हा दिवस कलला होता. आप्पा टायरगाडीच्या चाकाला वंगण घालत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"आप्पा, एक वाचून दाखवायचंय."

त्यांनी हात पुसले आणि सर्कलसाहेबांपुढे राहिले होते तसेच सरळ उभे राहिले. मला ते बघवेना. म्हटलं, बसा ना. बसले नाहीत.

मी वाचलं. आज आवाज खणखणीत नव्हता. "मी सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की, धनश्री अंगद गर्जे आणि धनश्री हनुमंत गर्जे या दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच असून, दोन्ही नावे माझीच आहेत, व ती दोन्ही बरोबर आहेत."

"म्हंजी मार्कशीटवरचं?"

"तसंच राहतंय."

"दाखल्यावरचं बी?"

"तेही. सगळं तसंच."

आप्पा पुन्हा चाकाकडे वळले. बराच वेळ नुसतं वंगण फासत राहिले, जिथे आधीच लावलेलं होतं तिथेही. मग पाठमोरेच म्हणाले, "ह्ये आदी वाचायचं व्हतं की गं येडे."